धावण्याचा रोजचा बूट कसा पारखावा?

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. कापड हातात आले की आम्ही आधी त्याचे वजन पाहतो. एका चौरस मीटरला किती ग्रॅम, हे आमच्या बाजारातले जुने माप आहे. वजन भरले तर माल टिकेल आणि गिऱ्हाईक परत येईल, असा आमचा तजुर्बा. हेच माप आम्ही एकदा बुटाला लावले आणि फसलो. पैसे आमचे गेले, पण खरी किंमत आमच्या भाच्याने मोजली. तशी चूक दुसऱ्या कोणाची होऊ नये, म्हणून हा लेख.

आमच्या बहिणीचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. वडील लूमवर कामाला, घरची परिस्थिती बेताची. महाराष्ट्रात पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यातले २० गुण एकट्या १६०० मीटरचे असतात. म्हणजे रोज पळणे आलेच. २०२२ च्या दिवाळीच्या सुमारास आम्ही त्याला दुकानात नेले आणि सगळ्यांत जाड, सगळ्यांत भारी दिसणारा बूट घेऊन दिला. मनात हिशेब असा, की माल वजनदार आहे, चार वर्षे जाईल.

दोन महिन्यांनी पोराच्या नडग्या दुखू लागल्या. जानेवारी २०२३ मध्ये चाचणी झाली, त्यात तो मागे पडला. मैदानावर मुलांना शिकवणाऱ्या उस्तादांनी तो बूट उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हा धावण्याचा बूट नाही, दाखवण्याचा आहे." आम्ही पेढीवर येऊन काट्यावर ठेवला. एका पायाचे वजन ४१० ग्रॅम भरले. आम्ही पोराला विचारले, "अरे, आधी का नाही बोललास?" तो म्हणाला, "मामू, तुम्ही एवढ्या प्रेमाने घेऊन दिलेत, कसे बोलणार?"

सगळा दोष बुटाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याने सरावही एकदम वाढवला होता, आणि नडगी दुखण्याचे ते मोठे कारण असते. पण बुटाने त्याला मदत केली नाही, उलट ओझे घातले, हे खरे. त्यानंतर आम्ही हा विषय नीट समजून घेतला. उस्तादांना विचारले, चप्पल-बुटाच्या कारीगरांना विचारले, वाचले. जे कळले ते क्रमाने मांडतो.

वजनाचा हिशेब

धावताना माणसाची मिनिटाला साधारण १६० ते १७० पावले पडतात. म्हणजे एक पाय ८० वेळा उचलला जातो. अर्ध्या तासात २४०० वेळा. बूट नुसता १०० ग्रॅमने भारी असला, तर अर्ध्या तासात एका पायाने २४० किलो जादा उचलले. दोन्ही पायांनी जवळजवळ पाच क्विंटल. हमालाला विचारा, पाच क्विंटल म्हणजे काय!

हा नुसता तोंडी हिशेब नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाने २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १८ धावपटूंना दिसायला सारख्याच जोड्या घालून ३००० मीटर पळवले. काही जोड्यांमध्ये शिशाच्या बारीक गोळ्या लपवल्या होत्या, ते धावपटूंना सांगितले नव्हते. प्रत्येक बुटाला १०० ग्रॅम वाढले की शरीराचा खर्च सुमारे एक टक्का वाढला आणि वेळ सुमारे पाऊण टक्का वाढला. आता आमच्या भाच्याचा बूट योग्य बुटापेक्षा १७० ग्रॅम भारी होता. १६०० मीटरला सहा मिनिटे घेणाऱ्या मुलाचे यात चार-पाच सेकंद जातात. भरतीत गुण वेळेच्या टप्प्यांवर मिळतात. चार-पाच सेकंदांत टप्पा हुकू शकतो.

मग सगळ्यांत हलका बूट घ्यावा काय? तसेही नाही. त्याच विद्यापीठाने २०१२ मध्ये अनवाणी पळण्याची सवय असलेल्या लोकांची तपासणी केली होती. अनवाणी पळणे हलक्या बुटापेक्षा कमी खर्चाचे ठरले नाही. कारण पायाखाली गादी नसली की धक्का सोसण्याचे काम स्नायूंना करावे लागते. म्हणजे बुटात गादीही हवी आणि वजनही कमी हवे. या दोहोंचा मेळ घालणे, हीच बुटाची कारागिरी होय.

साधारण अंदाज असा धरावा. पुरुषाच्या आठ नंबरच्या एका बुटाचे वजन २०० ते २५० ग्रॅम असेल तर तो हलका आणि रोजच्या सरावाला चालणारा. २५० ते ३०० ग्रॅम म्हणजे जाड गादीचा, सावकाश लांब पळण्याचा. २०० च्या खूप खाली म्हणजे शर्यतीचा. ३५० च्या वर गेला तर तो धावण्याचा समजूच नये. नंबर वाढला की वजनही थोडे वाढते, हे लक्षात असू द्यावे.

मोची धावपटूंची गोष्ट

हलका बूट ही आजची टूम नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड नावाचे गृहस्थ बुटांच्या कारखान्यात कामाला होते. स्वतः पळत, गल्लीतल्या मुलांना पळायला शिकवत आणि त्यांच्यासाठी हलके बूट आपल्या हाताने बनवत. त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे सुवर्ण जिंकले आणि मरे हालबर्गने ५००० मीटरचे, तेही एकाच दिवशी.

१९६२ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांच्याकडे गेले आणि सावकाश पळण्याची पद्धत शिकून आले. बॉवरमनही आपल्या मुलांचे बूट स्वतः बनवत. १९७० च्या सुमारास त्यांनी घरातल्या वॅफल भाजण्याच्या साच्यात रबर ओतून खड्ड्याखड्ड्यांचा हलका तळ तयार केला. आज जगभर विकले जाणारे बूट अशा कारीगरांच्या हातातून निघाले आहेत. आपल्या कारीगर बंधूंनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

बूट तीन थरांचा असतो

पहिला थर वरचा, म्हणजे पाय झाकणारे कापड. आमचा हात इथे चालतो. धावण्याच्या बुटाला चामडे किंवा रेक्झिन नको. ते भारी असते, तापते आणि घाम धरून ठेवते. पॉलिस्टरची विणलेली जाळी हवी. बाजारात दोन तऱ्हेची जाळी दिसते. एक 'सँडविच मेश'. रॅशेल मशीनवर दोन बाजूंना जाळी आणि मध्ये उभे धागे, अशी ती विणतात. ती मऊ असते, पण थोडी जाड, आणि पाणी धरते. दुसरी एकपदरी जाळी. तिच्यात जिथे हवा लागते तिथे मोठी भोके आणि जिथे ताण येतो तिथे दाट वीण एकाच वेळी काढलेली असते. २०१२ मध्ये नाइकी कंपनीने मोज्यासारखा विणलेला वरचा भाग बाजारात आणला, तेव्हापासून या विणकामाला फार जोर आला. रोजच्या बुटाला एकपदरी जाळी चांगली, विशेषतः पावसाळ्यात.

पारख सोपी आहे. बूट उजेडासमोर धरावा आणि आत हात घालावा. जाळीतून उजेड दिसला पाहिजे. तोंड लावून फुंकर मारली तर बाहेर ठेवलेल्या हाताला लागली पाहिजे. मग आतून बोट फिरवावे. शिवण उभी राहिलेली, धागा टोचणारा, जोड सुरकुतलेला असेल तर तिथेच फोड येणार. चांगल्या हलक्या बुटात शिलाई कमी असते आणि आधारासाठी पातळ पट्टी उष्णतेने चिकटवलेली असते. त्या पट्टीची कड नखाने हळूच उचलून पाहावी. उचलली गेली तर चिकटवण कच्ची आहे.

दुसरा थर मधला, म्हणजे गादी. बुटाचा जीव इथे असतो. बहुतेक बुटांत ईव्हीए नावाचा फेस असतो. १९७० च्या दशकापासून धावण्याच्या बुटांत तो वापरात आहे. हलका, स्वस्त, घडवायला सोपा. त्याचा दोष असा की दाबून दाबून तो बसतो आणि मग परत फुगत नाही. २०१३ पासून टीपीयूच्या दाण्यांची गादी आली. ती जास्त टिकते, पण ईव्हीएपेक्षा भारी. पेबा नावाचा फेस सगळ्यांत हलका आणि उसळी देणारा, पण महाग. हल्ली ईव्हीएमध्येच दाबाखाली नायट्रोजन वायू भरून ते हलके करतात. मध्यम किमतीत हा माल चांगला पडतो.

स्वस्त बाजारात मात्र 'स्पोर्ट्स' म्हणून पीव्हीसीच्या तळाचे बूट सर्रास विकले जातात. तो तळ जड असतो, दाबला जात नाही आणि त्याला उग्र वास येतो. गादीच्या बाजूवर अंगठा दाबून पाहावा. बारीक सुरकुत्या पडल्या आणि अंगठा काढताच गेल्या, तर फेस जिवंत आहे. दगडासारखे लागले तर ठेवून द्यावा. अंगठा नुसता आत बुडत गेला तर तो बूट दुकानात गोड वाटेल, पण महिन्यात बसेल.

गादीच्या बाबतीत आणखी एक माप आहे. टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक. जुन्या धाटणीच्या बुटांत तो ८ ते १२ मिलिमीटर असतो. काहींत ४ ते ६, काहींत शून्य. फरक जितका कमी तितका पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण जास्त. नव्याने पळू लागलेल्याने ८ ते १० चा बूट घ्यावा. कमी फरकाचा बूट घेतलाच, तर आधी आठवड्यातून एक-दोनदा थोडे पळून पायाला सवय लावावी.

तिसरा थर खालचा, रबराचा. काळे, कडक, कार्बन घातलेले रबर जास्त दिवस जाते. फुगवलेले रबर हलके आणि मऊ असते, पण लवकर झिजते. वजन कमी करण्यासाठी कंपन्या सगळीकडे रबर लावत नाहीत. टाचेच्या बाहेरच्या कडेला आणि चवड्याखाली लावतात, बाकी फेस उघडा ठेवतात. हे वाईट नाही. पण जिथे आपला पाय आधी टेकतो तिथे रबर असलेच पाहिजे. आपल्याकडे पळायला सिमेंटचा रस्ता किंवा खडीचे मैदान. उघडा फेस तिथे पेन्सिलीच्या खोडरबरासारखा झिजतो. जुनी चप्पल उलटी करून पाहावी. झीज जिथे दिसेल तिथे नव्या बुटाला रबर आहे ना, हे तपासावे.

माप, आणि मापातली फसगत

पुष्कळ दुखणी बूट लहान घेतल्याने होतात. आपल्याकडे बुटाचा नंबर बहुधा इंग्लंडच्या मापाचा असतो. त्यात एका नंबरचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा. अमेरिकेचा नंबर वेगळा, युरोपचा वेगळा, आणि एका कंपनीचा आठ नंबर दुसऱ्या कंपनीच्या आठ नंबरला जुळेलच असे नाही. तेव्हा नंबरावर न जाता पाय मोजावा. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहावे, सगळ्यांत लांब बोटापाशी खूण करावी आणि सेंटिमीटर मोजावे. दोन्ही पाय मोजावेत, कारण पुष्कळांचा एक पाय मोठा असतो. मोठ्या पायाचे माप धरावे. बुटाच्या जिभेवरच्या चिठ्ठीवर सेंटिमीटरचा आकडा असतो, तो पाहावा.

बूट संध्याकाळी घ्यावा. दिवसभर उभे राहून, काम करून पाय थोडा सुजतो, पळतानाही तो सुजतोच. पळताना घालायचे तेच मोजे घालून जावे. उभे राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. बोटे पसरता आली पाहिजेत. टाच मात्र घट्ट बसावी, वर उचलली जाऊ नये. टाच सैल वाटली तर वरच्या शेवटच्या भोकातून नाडी ओवून पाहावी. त्यानेही टाच निसटत असेल, तर तो फर्मा आपल्या पायाचा नाही. आपल्याकडे पुष्कळांचा चवडा रुंद असतो. काही कंपन्या रुंद बूट वेगळे बनवतात, ते मागावेत. लांबीला एक नंबर मोठा घेऊन रुंदी साधू नये.

मोज्याबद्दल एक शब्द. सुती कापडावर आमचे पोट चालते, तरी खरे ते सांगतो. पळायला निव्वळ सुती मोजा नको. सूत घाम पिते आणि ओले राहते, ओल्या कापडाने कातडी घासली जाते. पॉलिस्टर किंवा नायलॉन मिसळलेला पातळ मोजा बरा.

तुमचा पाय कोणत्या जातीचा?

पुष्कळ दुकानांत ओला पाय कागदावर ठेवायला लावतात, तळव्याची कमान पाहतात आणि त्यावरून महागडा 'आधार' देणारा बूट सुचवतात. अमेरिकी सैन्यात २००९-१० च्या सुमारास याची मोठी तपासणी झाली. नव्या जवानांपैकी काहींना कमानीच्या आकाराप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच तऱ्हेचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी २०१५ मध्ये असे मांडले, की माणसाच्या पायाला जो बूट पहिल्यापासून आरामाचा वाटतो, तोच निवडणे शहाणपणाचे. म्हणून तीन-चार जोड घालून पाहावेत, दुकानाबाहेर पन्नास पावले पळावे आणि पायाचे ऐकावे. विकणाऱ्याचे ऐकण्याची घाई नको. ज्यांना आधीपासून पायाचे दुखणे आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारावे. आणि गादीवर बसून व्यापार करणाऱ्या आमच्यासारख्यांपैकी ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी तर बूट घालण्याआधी आत हात फिरवावा आणि काढल्यावर तळवे पाहावेत. पायाची संवेदना कमी झाली असेल तर जखम कळत नाही.

एकच जोड घ्यायचा असेल तर

बड्या शहरांतले हौशी धावपटू तीन-तीन जोड ठेवतात. एक सावकाश पळायला, एक वेगाने पळायला, एक शर्यतीला. आपल्या मुलांना ते परवडणारे नाही. त्यांना एकाच जोडीत सकाळी पाच किलोमीटर सावकाश पळायचे आहे, आठवड्यातून दोनदा वेगाने ४०० मीटरच्या फेऱ्या मारायच्या आहेत, आणि चाचणीच्या दिवशी १६०० मीटरही. यासाठी मधला मार्ग हवा. वजन २०० ते २५० ग्रॅम, गादी मध्यम, फरक ८ मिलिमीटरच्या आसपास, चवड्यापाशी वाकणारा, मध्ये न मोडणारा.

कार्बनची पट्टी घातलेले शर्यतीचे बूट २०१७ पासून गाजत आहेत. २०१९ मध्ये व्हिएन्ना येथे एलिउड किपचोगे यांनी मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पार केले, तेही तसल्याच बुटात. पण ते बूट रोजच्या सरावासाठी नव्हेत. किंमत फार, तळ नाजूक आणि आयुष्य थोडे.

आता व्यापाऱ्याचा हिशेब मांडू. चांगला धावण्याचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. समजा २,४०० रुपयांचा जोड ६०० किलोमीटर गेला, तर किलोमीटरला चार रुपये पडले. ९०० रुपयांचा जोड १५० किलोमीटरमध्ये बसला, तर किलोमीटरला सहा रुपये पडले, आणि पाय दुखला तो वेगळा. १५,००० रुपयांचा शर्यतीचा जोड ३०० किलोमीटर गेला, तर किलोमीटरला पन्नास रुपये! तेव्हा स्वस्त आणि महाग हे शब्द किमतीच्या चिठ्ठीवरून ठरत नाहीत, पळालेल्या अंतरावरून ठरतात. बूट घेतल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि आठवड्याचे किलोमीटर खाली मांडत जावे. उधारीच्या खात्यासारखे.

दुकानदार आणि कारीगर बंधूंसाठी

२२ सप्टेंबर २०२५ पासून जोडीला २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला आहे, त्यावरच्यांना १८ टक्के. त्याआधी १,००० रुपयांवरच्या मालालाही १८ टक्के पडत होते. आमच्या मते रोजच्या सरावाच्या बुटाला हीच किंमत योग्य, आणि हे गिऱ्हाईक गावोगाव आहे. जिथे भरतीचा सराव करणारी मुले आहेत, तिथे बुटाचे गिऱ्हाईक आहे. खेळाच्या बुटांसाठी आयएस १५८४४ हे भारतीय मानक आहे, माल भरताना ते पाहावे. खोक्यावर तयार झाल्याचा महिना आणि वर्ष छापलेले असते, तेही पाहावे. गोदामात पडून बुटाची चिकटवण सुटते आणि फेस कडक होतो. पीयूच्या तळाचे तर फारच वाईट. दमट हवेत तो न वापरताही आतून कुजतो आणि घातल्यावर तुकडे पडतात. कोकण-मुंबईकडच्या दुकानदारांनी पीयूचा माल साठवून ठेवू नये.

दुकानात एक छोटा काटा ठेवावा. गिऱ्हाईकासमोर बूट तोलून दाखवावा. दागिना तोलून विकतात, कापड मोजून विकतात, मग बुटाचे वजन का लपवावे? असे खरे माप दाखवणाऱ्या दुकानदाराला जाहिरातीची गरज पडत नाही.

दुरुस्ती करणाऱ्या कारीगरांनी हे ध्यानात घ्यावे, की ईव्हीए आणि रबर नुसत्या डिंकाने धरत नाहीत. घासून, साफ करून, त्या त्या मालाचे प्रायमर लावून, ते वाळल्यावरच पीयूची चिकटवण लावावी. गादीतून आरपार टाके मारू नयेत. तळ कडक होतो आणि टाक्यांच्या भोकांतून फेस फाटतो. आतली काढघालीची गादी बदलून देणे, टाचेचे झिजलेले रबर लावणे, फाटलेली जाळी आतून पातळ कापड लावून सांधणे, ही कामे नीट करणारा कारीगर प्रत्येक मैदानाजवळ हवा आहे. मात्र बसलेली मधली गादी दुरुस्त होत नाही. तसे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगावे.

निगा

बूट पळण्यासाठीच ठेवावा. त्यातच बाजार, त्यातच कामावर जाणे, असे केले तर आयुष्य कमी होते. धुण्याच्या मशीनमध्ये टाकू नये. ब्रशने, साध्या साबणाने धुवावा. कडक उन्हात किंवा मोटारीच्या काचेमागे ठेवू नये, उष्णतेने फेस आकसतो. भिजला तर आतली गादी काढावी, वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि पंख्याखाली सावलीत वाळवावा. चाचणीच्या दिवशी कोरा बूट कधीही घालू नये. निदान दोन आठवडे आधी त्यात पळून घ्यावे.

शेवटी

भाच्याला आम्ही दुसरा जोड घेतला, तेव्हा पेढीवरचा काटा पिशवीत घालून नेला. दुकानदार हसला, पण त्याने तोलू दिले. २३५ ग्रॅम भरले. या वेळी निवड पोराने केली, आम्ही फक्त पैसे दिले. त्याने सरावही उस्तादांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू वाढवला. जून २०२४ मध्ये ऐन पावसात मैदानी चाचण्या सुरू झाल्या. ओल्या मैदानावर तो आधीपेक्षा १६ सेकंद लवकर आला. त्यातले चार-पाच सेकंद बुटाचे धरा, बाकी त्याच्या मेहनतीचे. लेखी परीक्षेत थोडक्यात राहिला. आता पुन्हा तयारी चालू आहे.

बूट नोकरी मिळवून देत नाही, हे आम्हाला कळते. पण पहाटे अंधारात उठून पळणाऱ्या पोराच्या पायात आपण ओझे बांधू नये, एवढे तर आपल्या हातात आहे. म्हणून बाजारात जाताना नाव आणि झगमगाट बाजूला ठेवा. काट्यावर तोला, अंगठ्याने दाबा, उजेडासमोर धरा, आणि ज्याला पळायचे आहे त्याला बोलू द्या.